न्हाणीच्या पाण्यावरचा सोनटक्का

नीलम्माच्या न्हाणीतला हंडा अंघोळीनं कधी पुरता रिकामा व्हायचा नाही. अंघोळ आटपली की तळाशी एक तांब्या पाणी ती राखायची. ते कोपरानं पारखायची, कढत लागलं तर जराशी थांबायची, आणि कोमट झालं की काळ्या दगडी शिळेवर हलक्या हातानं ओतायची. पाणी शिळेवरून मोरीत जायचं, मोरीतून भिंतीपलीकडच्या परड्यात, आणि तिथं मोरीच्या तोंडाशी दाटलेल्या सोनटक्क्याच्या बुडात मुरायचं. मग ती कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसायची.

कोल्हापुरातल्या उत्तरेश्वर पेठेत हे बघायला एकच माणूस होतं. परड्याच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडची धोंडुबाई. बोलायला तिला कारण लागायचं नाही.

"झाडाला पानी घालायचं तर सरळ बादलीनं घाल की गं. आदी कोपर लावून बगतीस ते कशापायी? झाडाला काय पोळतंय व्हय?"

"पोळतंय की," नीलम्मा म्हणायची.

"तुझं कानडी झाड. त्येला समदी नखरं."

झाड खरोखरच कानडी मुलखातून आलेलं होतं. चिक्कोडीहून नीलम्माच्या आईनं पदरात बांधून आणलेला तो एक गड्डा होता. तेव्हापासून तेहतीस वर्षं तो तिथं पसरत होता, आणि त्याच्याखाली काय आहे हे नीलम्मा सोडून कुणाला माहीत नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

*

चव्वेचाळीस सालचा भाद्रपद. नीलम्माला विसावं वर्ष लागलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दूधगंगेला पूर आला, रस्ता बंद झाला आणि दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. नवरा विरूपाक्ष शाहूपुरीतल्या गुळाच्या दुकानातून धावत घरी आला आणि चिमणाबाई सुइणीला घेऊन आला. आधी मुलगा झाला. चिमणाबाईनं हात धुवायला घेतले आणि थांबली. अर्ध्या घटकेनं मुलगी झाली.

"उजवीकडं ल्योक, डावीकडं लेक," दोन्ही गाठोडी नीलम्माच्या दोन हातांवर ठेवत चिमणाबाई म्हणाली. "आता हालू नगंस."

नीलम्मा हलली नाही. नऊ दिवस तिचे दोन्ही हात भरलेले होते. रोज सकाळी चिमणाबाई यायची, न्हाणीत शिळेवर पाय पसरून बसायची, एकेका बाळाला नडग्यांवर पालथं घालून तेल जिरवायची आणि न्हाऊ घालायची. बाळंतिणीनं पाण्यात हात घालायचा नसतो. नीलम्मा खोलीतून नुसतं ऐकायची. मुलगा किंचाळायचा. मुलगी गप्प असायची. पाणी पडल्याचा आवाज यायचा आणि मध्येच चिमणाबाईचं "गुणाची गं बाय" एवढंच.

नवव्या दिवशी दिवेलागणीला मुलगी उठली नाही.

पुरुषांनी तिला नेलं. बायका मातीला जात नाहीत, आणि बाळंतीण तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. विरूपाक्ष तासाभरानं परत आला, परड्यात पाय धुतले आणि ओटीवर बसून राहिला. कुठं ठेवली ते त्यानं सांगितलं नाही. तेराव्या दिवशी पाळणा टांगला, मुलाचं नाव महालिंग ठेवलं. मुलीला नाव मिळायचं राहूनच गेलं होतं. नीलम्मानं तिला मनातल्या मनात तंगेव्वा म्हणायला सुरुवात केली. माहेरच्या कानडीत धाकट्या बहिणीला लाडानं तसं म्हणतात.

तेही मोठ्यानं म्हणायची सोय उरली नाही. बारशाच्या बायका गेल्यावर सासूनं, शांतादेवीनं, तिला जवळ बसवलं. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायला लावलं.

"जुळ्यातलं गेलेलं राहिलेल्याला हाक मारतं," सासू म्हणाली. "माझ्या माहेरी झालंय, डोळ्यांनी बघितलंय. ह्याच्यासमोर तिचं नाव निघायचं न्हाई. तू एकटाच झालास, असंच ह्याला कळलं पाहिजे. तिची सावली ह्याच्यावर पडू द्यायची न्हाई. म्हण."

नीलम्मानं म्हटलं. सासूनं घरातल्या सगळ्यांकडून तेच वदवून घेतलं.

सव्वा महिन्यानं ती पहिल्यांदा परड्यात आली तेव्हा मोरीच्या तोंडाशी ताज्या मातीचा उंचवटा होता. तिला आठवलं, मुलं झाली त्याच दिवशी खिडकीतून कुदळीचा आवाज आला होता, विरूपाक्ष आणि चिमणाबाई हळू आवाजात बोलत होते. तिनं ओळखलं की वार इथंच पुरली. दोघांना पोटात ज्यानं धरून ठेवलं, पोसलं, ते इथं आहे. मुलगी कुठं आहे ते माहीत नाही, पण तिचं एवढं इथं आहे.

कुणाला विचारायचं तर विषय निघाला असता, आणि तो काढायचा नव्हता. म्हणून तिनं विचारलं नाही. आईनं आणलेला सोनटक्क्याचा गड्डा तिथं लावला.

दूध दोघांपुरतं आलं होतं. महालिंग उजवीकडेच प्यायचा. डावीकडे घेतलं की तोंड फिरवायचा. डावीकडचं दूध ती वाटीत पिळायची आणि परड्यात कुणी नसलं की मोरीच्या तोंडाशी नेऊन ओतायची. तीन महिने. मग ते आटलं, आणि तिनं पाणी सुरू केलं.

*

सोनटक्का भाद्रपदात फुलतो. संध्याकाळी कळी सुटते, पांढरं फूल पाकळ्या पसरून बसतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत लोंबून जातं. नीलम्मा ती फुलं ना देवाला वाहायची, ना केसात माळायची. धोंडुबाईच्या सुना भिंतीवरून हात घालायच्या तेव्हा मात्र ती काही बोलायची नाही.

फुलं सुटायला लागली की तिचा डावा हात जड व्हायचा. दुखायचा नाही. नुसता जड व्हायचा, कोपरातून वाकायचा आणि अंगाशी येऊन थांबायचा. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर तशीच बसायची. आत स्वयंपाक खोळंबायचा. अंधार पडून वास दाट झाला की वजन हळूहळू उतरायचं, निजलेलं मूल कुणीतरी उचलून न्यावं तसं.

घरी कुणाला याचं विशेष वाटायचं नाही. विरूपाक्ष भाद्रपदात उशिरा घरी यायचा. महालिंगला मात्र कुतूहल होतं. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत आला आणि त्यानं तिचा हात मांडीवर घेऊन बोटं दाबून, कोपर वाकवून, नाडी बघून नीट तपासला.

"अव्वा, हातात काही नाही."

"तेच की," नीलम्मा म्हणाली.

तो हसला. तिनं पदर सारखा केला आणि त्याला तिथून उठवलं. बाहेर फुलं सुटत होती आणि तो त्या वासात बसलेला तिला नको होता.

एवढ्याचसाठी तिनं त्याला लहानपणी परड्यात खेळू दिलं नाही. चेंडू सोनटक्क्यात गेला की ती स्वतः काढून द्यायची. मुलगा हुशार निघाला, डॉक्टर झाला आणि सत्तर साली विलायतेला गेला. पेठेतल्या बायका म्हणाल्या, नीलम्माच्या डोळ्यांत पाणी कसं नाही. तिला खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. आता दोघांच्या मध्ये समुद्र होता.

विरूपाक्ष शहात्तरच्या उन्हाळ्यात गेला. शेवटच्या आजारात एका दुपारी नीलम्मानं त्याला कानडीतून विचारलं, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, की तिला कुठं ठेवली होती.

"तिकडनं आता रस्ता गेलाय," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि कूस बदलली.

*

मग महालिंगचं पत्र आलं. अव्वानं आता एकटं राहू नये. लेस्टरला घर मोठं आहे, सून तिकडंच शिकलेली-वाढलेली असली तरी आपल्यातलीच आहे, कागदपत्रं तो करतो आहे. कोल्हापूरचं घर धोंडुबाईच्या मुलाला, कृष्णातला, देऊन टाकावं. तो विचारतोच आहे.

धोंडुबाईला आनंद लपवता येईना. "माझी सून तुझ्या चुलीवर भाकरी थापंल, आनी तू तिकडं बर्फात बसून पाव खाशील. कृष्णात म्हनतोय, परड्यात फरशी घालू."

"समदीकडं?"

"मग काय तुकड्या-तुकड्यानं?"

नीलम्मानं महालिंगला कानडीतून दोन ओळी लिहिल्या. तिची शाळा कानडी चौथीपर्यंतची; ती अक्षरं तिनंच त्याला लहानपणी शिकवली होती. यायला तयार आहे, पण परड्यातला सोनटक्का बरोबर घेऊन येणार. मातीसकट.

उत्तर लवकर आलं. झाड आणायला हरकत नाही, पण माती अजिबात चालत नाही. मूळ धुऊन स्वच्छ करावं लागतं आणि झाड निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो. तो नसेल तर विमानतळावर जाळून टाकतात. खाली कंसात त्यानं लिहिलं होतं, अव्वा, इथंही फुलझाडं मिळतात.

शेती खात्याच्या कचेरीत अंबादासराव म्हणून एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"लोक लोणचं नेतात हो, आजी. कुणी मसाला नेतं. सोनटक्का नेणारं आजवर भेटलं नव्हतं."

"दाखला मिळतोय का न्हाई तेवढं सांगा."

"मिळेल. गड्डा खणून आणा. पण धुऊन. मातीचा कण दिसला तरी मी सही करणार नाही."

"चिमूटभर तरी?"

"चिमूट कशाला हवी?" त्यांनी चष्मा काढला. "त्यांचं बरोबर आहे. मातीत काय काय असतं ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही."

"मला ठाऊक हाय," नीलम्मा म्हणाली आणि उठली.

घरी येऊन तिनं धोंडुबाईला सांगितलं की जाण्याचं रद्द. धोंडुबाईनं भिंतीवर कोपरं टेकवली.

"मातीपायी? पोराला सोडून मातीपायी ऱ्हातीस?"

नीलम्मा आत निघून गेली. माती सोडून नुसतं झाड नेलं तर पोर इथं एकटी राहणार, वर फरशी पडणार. माती चोरून नेली तर पोर भावाच्या घरात जाऊन बसणार. तिनं तळहातावर लिंग घेऊन शब्द दिला होता. रात्रंदिवस एकच विचार: नेली तरी तिचं चुकणार होतं आणि ठेवली तरी चुकणार होतं. जगात एकच माणूस उरलं होतं ज्याला यातलं ठाऊक होतं. ते जिवंत आहे का, हेही तिला माहीत नव्हतं.

*

चिमणाबाई मुरगुडात नातवाकडे होती. नीलम्मा सकाळच्या एस.टी.नं गेली. ऐंशी उलटलेली म्हातारी अंगणात उन्हाला बसून लसूण सोलत होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडलेला. बोटांनीच बघत होती.

"कोण ते?"

"उत्तरेश्वरातली नीलम्मा. गूळवाल्यांची."

म्हातारीची बोटं थांबली. "जुळ्याची," ती म्हणाली.

तेहतीस वर्षांत तिला त्या नावानं कुणी ओळखलं नव्हतं. नीलम्मा मातीतच बसली. तिनं विचारलं, "वार तुमी परड्यात पुरलीसा न्हवं? मोरीच्या तोंडाला?"

"परड्यात? भादव्याच्या पावसात?" म्हातारी कुत्सित हसली. "कुत्र्यांनी एका दिसात उकरली असती. न्हाणीच्या शिळंखाली पुरली. तुझ्या मालकानं पहार लावून शिळा उचलली, मी खड्डा घेतला. निगालेली माती तेवढी मोरीच्या तोंडाला टाकली."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तू कवा इचारलंस?"

तेहतीस वर्षं नीलम्मा त्या उंचवट्याशी मनातल्या मनात बोलत होती. नुसत्या उकरलेल्या मातीशी. आणि जिथं बोलायचं तिथं ती रोज पाय देऊन उभी राहत होती, अंगाला साबण लावत होती.

"त्याच शिळंवर दोगास्नी न्हाऊ घातलं की मी," चिमणाबाई पुढं म्हणाली. "खाली वार, वर ल्योक आनी लेक. पानी त्येंच्या अंगावरनं उतरून तिच्यावरनंच भाईर जायाचं."

"भाईर म्हंजी मोरीत."

"मोरीतच की. आनी कुठं जाईल?"

नीलम्मानं मनात पाण्याची वाट धरली. मोरीतून परड्यात. परड्यात सोनटक्क्याच्या बुडात. तिचा रोजचा तांब्यासुद्धा त्याच वाटेनं गेला होता.

निघायच्या वेळी तिनं दुसरं विचारलं. ते विचारताना तिचा आवाज इतका खाली गेला की म्हातारीनं कान पुढं केला. "मावशी, तिला माज्या महालिंगाजवळ नेली तर ती त्येला हाक मारंल का हो?"

चिमणाबाईनं सोललेल्या पाकळ्या मुठीत घेतल्या. "नऊ दिसाची पोर ती. हाक माराय तिला कुठं येत हुतं? नऊ दिसाचं पोर निस्तं आईला हुडकतंय, तोंड हिकडं-तिकडं करून."

*

जायचं पुन्हा ठरलं, आणि माघातल्या एका सकाळी नीलम्मानं सोनटक्का खणला. पात वाळलेली होती, ती विळ्यानं कापून बाजूला केली. खाली गड्ड्यांचं जाळं पसरलेलं होतं, एकात एक बोटं अडकवून बसलेलं. त्यातला मधला, सगळ्यात जुना गड्डा तिनं काढला. तो हातभर लांब, जाडजूड होता. ठिकठिकाणी गुलाबट कोंब होते, आणि दोन्ही बाजूंना हातपाय फुटावेत तशा गाठी.

"घाल की हौदात, मी धुती," भिंतीपलीकडून धोंडुबाई म्हणाली.

"नगं. पानी तापलंय माजं."

न्हाणीत हंडा वाफाळत होता. नीलम्मानं दार लोटून घेतलं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, शिळेवर बसली आणि दोन्ही पाय समोर पसरले. गड्डा नडग्यांवर ठेवला. महालिंगला तिनं असं सव्वा महिन्यानंतर कित्येकदा न्हाऊ घातलं होतं. पायांना ते अजून आठवत होतं. घोटे आपोआप जुळले.

पाणी कोपरानं पारखून तिनं पहिला तांब्या ओतला. माती सुटली आणि तांबडं पाणी शिळेवरून मोरीकडे निघालं. तिनं गाठींच्या सांध्यांत बोट घातलं, तिथली माती काढली. पालथं केलं. अंगठ्यानं पाठ चोळली. कुठं कोंब दुखावेल तिथं हात हलका केला. पाणी हळूहळू निवळत गेलं. न्हाणीत दुसरा काही आवाज नव्हता. ही मुलगी पाण्याला रडत नसे.

"बा, तंगेव्वा," ती म्हणाली. ये म्हणाली. तोंडानं, आवाज काढून, पहिल्यांदा.

शेवटचा तांब्या तिनं डोक्यावरून घालावा तसा घातला. विरूपाक्षच्या जुन्या, मऊ झालेल्या धोतराचा तुकडा काढून ठेवला होता, त्यात गड्डा गुंडाळला. उठताना तिच्या ध्यानात आलं की दोन्ही हात अगदी हलके आहेत. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता. तिला भीती वाटली, पोर आलीच नाही की काय.

अंबादासरावांनी भिंग लावून गड्डा तपासला. "आजी, इतकं स्वच्छ तर बाजारात आलंसुद्धा मिळत नाही," ते म्हणाले आणि सही केली. लंडनच्या विमानतळावर एका तरुण गोऱ्या बाईनं धोतराची घडी उलगडली, दाखला वाचला, गड्डा उलटा करून पाहिला आणि पुन्हा जसाच्या तसा, कडा आत मुडपून गुंडाळला. नीलम्माला ती बाई आवडली.

*

लेस्टरला माती पिशवीत मिळत होती. काळी, भुसभुशीत, बिनवासाची. महालिंगनं मोठी कुंडी आणली. स्वयंपाकघराला लागून काचेची खोली होती, तिथं नीलम्मानं गड्डा लावला. महालिंगच्या झोपायच्या खोलीपासून ती जागा सगळ्यात लांब होती, हे तिनं पहिल्याच दिवशी पावलांनी मोजून पाहिलं होतं.

न्हाणी नव्हती. पांढरा टब होता. ती त्यात उभी राहून अंघोळ करायची, तांब्याभर पाणी राखायची आणि जिन्यावरून सांभाळून खाली आणून कुंडीत घालायची. सून काही विचारायची नाही. विचारलं असतं तर बरं, असं नीलम्माला वाटायचं.

एप्रिलमध्ये कोंब वर आला. हिरवा, टोकाला वळलेला. त्याच आठवड्यात महालिंगला ताप भरला.

तसा साधाच ताप. तो स्वतः म्हणाला, दवाखान्यात सगळ्यांनाच आलाय. पण तिसऱ्या दिवशी तो ग्लानीत कूस बदलून बरळला. इंग्रजीत का मराठीत ते तिला कळलं नाही, पण कुणालातरी 'हो' म्हणाल्यासारखं वाटलं. नीलम्मा खाली आली. तिनं कुंडी उचलली, मागचं दार उघडलं, आणि कुंडी बाहेर पायरीवर ठेवून दार लावून घेतलं. कडी घातली.

सकाळी गवत पांढरं झालं होतं. कोंब काळा पडला होता.

महालिंगचा ताप उतरला. त्यानं काळा कोंब पाहिला तेव्हा तो म्हणाला, "अव्वा, इथं एप्रिलमध्येसुद्धा गारठा पडतो. तुला सांगायला हवं होतं मी. माझी चूक."

स्वतःच्या हातानं तिनं नऊ दिवसांच्या पोरीला दाराबाहेर काढलं होतं, आणि कडी घातली होती.

उन्हाळ्यात गड्ड्याला बाजूनं दुसरे कोंब फुटले, पात वाढली, उंच झाली. फूल आलं नाही. भाद्रपद आला. ती रोज संध्याकाळी काचेच्या खोलीत बसायची. हात मांडीवर पडून असायचा, हलका, कुणाचाच नसल्यासारखा. पोर इथंही नव्हती.

मग धोंडुबाईचं पत्र आलं. सुनेच्या हातून लिहवलेलं. पण सुनेनं एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नव्हतं. रविवार होता. महालिंगनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्यानं वाचलं.

"नीलम्मास धोंडुबाईचा नमस्कार. आमी समदी बरी हाय. तू जाडी झालीस का वाळलीस ते कळीव. तू मधला गड्डा घिऊन गेलीस, पर बाकीचं झाड मोरीच्या तोंडाला ऱ्हायलंय की. पावसानं गच्च फुटलंय आनी फुलं अशी आलीत की पेठेतल्या बाया इचारत येत्यात. पर एक सांगती. दिवं लावायच्या वक्ताला सून न्हाणीत गेली की तिला वाटतं कुनीतरी चुळबुळतंय. मी म्हनलं उंदीर असंल. कृष्णात म्हनतोय न्हाणी जुनी झाली, शिळा फोडून काडू आनी नवी पांढरी फरशी लावू, परड्याला बी घालू. गवंडी दसऱ्याला येतोय. घर आता आमचं हाय, पर तुला इचारल्याबिगर मन हुईना. तुजं काय म्हननं?"

महालिंग हसत होता. "काय कळवू, अव्वा? फोडा म्हणून लिहू?"

दसऱ्याला तीन आठवडे होते. पत्र पोचायला दहा-बारा दिवस. नीलम्मानं टेबलावरचे हात बघितले. तिनं लिहिलं तर ते कानडीत, आणि उत्तरेश्वरात ते वाचणारं आता कुणी नव्हतं. मराठी लिहिणारं या घरात एकच माणूस होतं. ज्याच्यासमोर तिनं बोलायचं नव्हतं, नेमकं ते.

"कागद घे," ती म्हणाली. "मी सांगती तसं लिही. मधी इचारू नगंस."

त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"धोंडुबाईस नीलम्माचा नमस्कार. शिळा फोडू नका. कृष्णातला सांग, बाकी घर तुजं हाय, शिळा तेवढी माजी हाय. तिच्याखाली वार हाय. मला चव्वेचाळीस साली जुळं झालं."

पेन थांबलं. नीलम्मा टेबलाच्या कडेकडे बघत सांगत राहिली, एका संथ सुरात, थांबली तर पुन्हा सुरू होणार नाही म्हणून. उजवीकडं ल्योक, डावीकडं लेक. नऊ दिवस. तिला ठेवलेली जागा, जिथनं आता रस्ता गेलाय. सासूला दिलेला शब्द. दूध. कोपरानं पारखलेलं पाणी. तेहतीस वर्षं. एप्रिलमधली कडी.

थोड्या वेळानं पेनाचा आवाज पुन्हा येऊ लागला. तो लिहीत होता. त्याचं अक्षर डॉक्टरांचं असतं तसं होतं, पण आज तो एकेक शब्द सुटा, शाळेतल्या मुलासारखा काढत होता.

तिचं संपलं. बाहेर ऊन कलत होतं. काचेच्या खोलीत सोनटक्क्याची पात अगदी स्तब्ध उभी होती.

"माझ्या आधीची का नंतरची?" महालिंगनं विचारलं. त्यानं मान वर केली नव्हती.

"नंतरची. अर्ध्या घटकेनं."

"म्हणजे धाकटी."

"व्हय. तंगी."

त्यानं तो शब्द पुन्हा उच्चारला, हळू, कसा लागतो ते बघावं तसा. मग उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या डाव्या बाजूची खुर्ची ओढून बसला. नीलम्मानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता. तिच्या हाताकडे.

हात कोपरातून वाकून अंगाशी आला होता. केव्हा आला ते तिला कळलंच नव्हतं.

"अजून काही लिहायचंय?" त्यानं विचारलं. कागद त्यानं इकडे ओढून घेतला होता.

नीलम्मानं हात हलू न देता जरा विचार केला.

"रोज अंघोळ झाली की एक तांब्या शिळंवर घाल म्हनावं, तू न्हाईतर तुज्या सुनंनं," ती म्हणाली. "आनी पानी कोमट असू दे. तेवढं लिही."